आडनावासकट भाड्याचं घर

जानेफळात कोणालाही विचारा, सहदेव अवसरमोलांची महामाया पार तिबिलिसीला काऊन गेली, तर उत्तर एकच मिळेल: टॅक्स वाचवायला. टपरीवर बसणाऱ्यांनी तर तिचा किती टॅक्स वाचतो याचा हिशोबसुद्धा आपापला करून टाकलाय, आणि तो आकडा दर बाजाराला फुगत चाललाय. शहराचं नाव मात्र अजून एकालाही धड घेता येत नाही. कोणी तिबलशी म्हणतं, कोणी तबलजी. तिची माय जनकाबाई "तिकडं रशियाच्या अंगाले" एवढं सांगून विषय मिटवते आणि आपल्या कामाला लागते.

टॅक्स कमी आहे, हे खरं. भाडं परवडतं, हेही खरं. पण ती टॅक्ससाठी गेली नाही हो. तिला एक भाड्याचं घर पाहिजे होतं. स्वतःच्या पुऱ्या नावावर, आडनावासकट, आणि असं, की ज्याच्या दारात तिच्या बापाला तोंड उघडायची भीती वाटणार नाही. एवढंच. आता एवढ्यासाठी माणसाला देश ओलांडावा लागतो, यावर ज्याला हसायचं त्यानं हसावं. मला काही हसू येत नाही.

तिची नोकरी म्हणजे अळ्या शोधायची. हे गावाचं म्हणणं. हॉलंडमधली एक कंपनी दवाखान्यांसाठी मोबाइलवरची ॲपं बनवते, आणि ती लोकांच्या हाती पडायच्या आधी महामाया ती उलटीसुलटी वापरून पाहते, कुठं बिघडतात ते कळवते. अशा बिघाडाला त्या धंद्यात बग म्हणतात, म्हणजे किडा, एवढं तिनं एकदा चुलत्याला समजावून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं, की आपण बोंडातली अळी शोधतो, सहदेवाची पोरगी कॉम्प्युटरातली. एकानं तर तिला थांबवून विचारलं, तुह्या अळीवर फवारा कोणता मारतात ते तरी सांग, आमच्या गुलाबी बोंडअळीवर तं सारे मारून झाले. तिला हसावं की काय करावं कळेना, कारण विचारणाऱ्याचं तोंड थट्टेचं नव्हतं.

लॉकडाऊनात ती पुण्याहून घरी आली ती तिथंच राहिली. पुण्याची नोकरी सुटली, हॉलंडची लागली, आणि घरातली आतली खोली तिचं ऑफिस झाली. खोली तिची एकटीची होती असं मात्र नाही. कपाशीचा भाव पडला त्या साली सगळ्या गावानं कापूस घरातच ठेवला, भाव येईल, आज येईल, उद्या येईल म्हणून. सहदेव आबांनीही ठेवला. आतल्या खोलीत अर्ध्या भिंतीपर्यंत कापूस, आणि त्याच्यापुढं टेबल टाकून महामाया. व्हिडिओवर पाठीमागं तो पांढरा ढीग दिसायचा. एका साहेबानं विचारलं, तुमच्याकडे बर्फ पडतो का. दुसऱ्याला वाटलं, हे पाठीमागं लावलेलं चित्र आहे, आणि त्यानं छान आहे म्हणून कौतुकही केलं. घरात साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते हे त्यांना काय माहीत. सगळं घर खाजवत होतं, आणि ही पोरगी मीटिंगमध्ये मान हलवत हलवत हळूच मानेवर नखं फिरवायची.

खाज सोसली असती. लाइटीचं काय करणार? लाइट गेली की टॉवर जायचा, टॉवर गेला की ही लॅपटॉप घेऊन स्लॅबवर, एका हातात छत्री. बोलता बोलता आवाज तुटायचा. शेवटी कंपनीच्या बाईनं तिला एकटीला बोलावून सांगितलं, आणि चांगल्या शब्दांत सांगितलं, की तुझं काम आम्हाला पाहिजे, पण अर्धं बोलणं ऐकू येऊन कसं चालेल? नव्या वर्षाचा करार करायचा तर जगात कुठंही राहा, आमचं काही म्हणणं नाही, फक्त वीज आणि नेट पक्कं असू दे. कर तुझा तू भरायचा, जिथं राहशील तिथला. सोबत काम करणारे बरेचजण तसेच राहत होते. कोणी पेनांगला, कोणी दुबईला, कोणी तिबिलिसीला. जिथं राहणं स्वस्त आणि कर हलका, तिथं बस्तान.

घरच्यांना यात कोडं काहीच वाटलं नाही. पुण्याला जा. जनकाबाईचं तर सामान बांधायचंच बाकी होतं. पुण्यात लाइट आहे, नेट आहे, आपली भाषा आहे, रात्री बसलं की सकाळी पोचलं. महामाया म्हणाली, पुणं नाही. काऊन नाही, तर नाही. हे "नाही" तिनं इतकं सरळ म्हटलं की जनकाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, आणि आबांनी उठून बैलांना चारा टाकायचं काम काढलं, चारा आधीच टाकलेला असताना.

कारण तिघांनाही माहीत होतं.

पुण्यात ती पहिल्यांदा खोली शोधत फिरली ती पूर्ण नाव सांगत. खोली पसंत पडायची, भाडं ठरायचं, चहासुद्धा व्हायचा, आणि मग दारातून निघताना सहज विचारल्यासारखं, नाव काय म्हणालात? महामाया अवसरमोल. अवसरमोल? हे कुठलं आडनाव? म्हणजे तुम्ही कोण? त्यानंतर त्या घरमालकाचा कोणी ना कोणी पाहुणा त्याच आठवड्यात राहायला यायचा असायचा. असं एकदा झालं, दोनदा झालं, मग तिनं मोजणं सोडलं. मेसमधल्या एका पोरीनं शिकवलं, आडनाव सांगूच नको, बापाचं नाव लाव. तिनं महामायामधली महा काढली, अवसरमोल काढलं, दोन्ही बाजूंनी छाटून "माया सहदेव" एवढं नाव उरलं, आणि त्याच आठवड्यात खोली मिळाली. घरमालकीणकाकू मायाळू होत्या. आमची माया, आमची माया करायच्या. साबुदाण्याची खिचडी केली की वाटीभर वर पाठवायच्या. महामायाला ती वाटी कधी गोड लागली नाही, पण परत करायची तरी काय म्हणून?

मग आबा आले. घरच्या कापसाची नवी गादी शिवून घेतली होती, ती सुतळीनं बांधून खांद्यावर, हातात तुरीच्या डाळीची थैली. काकू जिन्याच्या तोंडाशीच उभ्या होत्या, पोरीचे वडील आले म्हणून थैली हातात घ्यायला पुढंही झाल्या. आबांनी गादी खाली ठेवली, हात जोडले आणि म्हणाले, "जय भीम, ताई."

त्यांच्या तोंडी ती काही घोषणा नव्हती. एसटीत चढताना, शेताच्या धुऱ्या-बांधावर, बँकेच्या खिडकीशी, फोन उचलल्यावर, माणूस भेटला की आबा जय भीम म्हणत, दुसरा कोणी राम राम म्हणतो तसं. काकूंचा पुढं आलेला हात मागं गेला. हो हो, बसा, म्हणत त्या आत गेल्या. पाणी आलं, चहा आला नाही. महिना संपता संपता त्यांचा पुतण्या यायचा ठरला आणि खोली रिकामी करून मागितली. पुतण्या आला नाही. खोलीत दुसरी मुलगी आली, हे महामायानं पुढं त्या रस्त्यानं जाताना डोळ्यांनी पाहिलं.

खोली गेल्याचं तिनं गिळलं असतं. त्याची सवय झाली होती. पण खोली सोडायच्या दिवशी सामान न्यायला आबाच आले होते, आणि तेव्हा एसटी स्टँडवर ते खाली पाहत एवढंच म्हणाले, "माह्या तोंडातून निंगून गेलं बाई." चूक त्यांची! पोरीनं नाव झाकलं ते नाही, काकूंनी हात मागं घेतला तो नाही, चूक म्हणे आबांच्या तोंडाची. त्या दिवसापासून ते पोरीच्या देखत जय भीम म्हणेनासे झाले. विहारात म्हणत, आपल्या गल्लीत म्हणत, पण बाहेर ती सोबत असली की तोंड बंद. मेहकरच्या स्टँडवर सुलतानपूरचे उत्तमराव लांबून ओरडले, जय भीम सहदेवराव, तर आबांनी आधी पोरीकडं पाहिलं आणि नुसता हात वर करून पुढं चालू लागले. उत्तमराव बिचारे तसेच उभे राहिले. महामायाच्या छातीत ते रुतलं. तिला पुण्याचा राग आला होता, काकूंचा आला होता, पण सगळ्यात जास्त त्या माया सहदेवचा आला.

म्हणून तिनं ठरवलं होतं. यापुढं घर घ्यायचं ते पुऱ्या नावावर, आणि आबा त्या घराच्या दारात येतील तेव्हा तिच्याकडं न पाहता जय भीम म्हणतील. मग ते घर कुठं का असेना. हे कोणाला सांगत बसायची गोष्ट नव्हती. ती सगळ्यांना सांगायची, टॅक्स कमी आहे. टॅक्स म्हटलं की लोक मान हलवतात आणि पुढं विचारत नाहीत.

शहर निवडायला बसली तेव्हा जनकाबाई तिच्याशेजारी येऊन बसली, चष्मा लावून. पडद्यावर भाडं, कर, नेटचा वेग, व्हिसा असं सगळं मांडलेलं. जनकाबाईनं ते सगळं बाजूला सारलं आणि पोरीला स्थळ पाहतात तसं एकेक शहर पाहायला घेतलं. पाणी नळाचं की टँकरचं? थंडी किती? तापानं फणफणली तर दारावर कोण येईल? तिथं कर नाही म्हणतेस, मग नाल्या कोण काढते? पेनांगच्या एका जाहिरातीत भारतीय नकोत असं सरळ लिहिलेलं होतं. ते वाचून महामायाला उलट हसू आलं. तिथं निदान सगळ्यांनाच एका ओळीत उभं केलं होतं, पुण्याच्या काकूंनाही. जनकाबाईला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही, पण पेनांग त्या दिवशीच बाद झालं.

दुबई सगळ्यात पुढं होती. पगारावर कर नाही, विमान सरळ, आणि मुख्य म्हणजे शेजारच्या शारजात समीना. समीना म्हणजे जानेफळात बांगड्यांचं दुकान असलेल्या शकीलभाईंची मुलगी, महामायाची शाळेपासूनची जोडीदार, लग्न होऊन वकारसोबत तिकडं गेलेली. तिनंच एका मराठी कुटुंबाच्या फ्लॅटमधली खोली शोधून काढली. स्वस्त, स्वच्छ, नेट चांगलं. जनकाबाई म्हणाली, पोरगी द्यायच्या आधी घर पाहायले माणूस जाते, तसं समीनाले जाऊ दे. समीना गेली. नळ सोडून पाहिला, स्वयंपाकघर पाहिलं, खिडकीतून वाकून पाहिलं, आणि फोनवर सांगितलं, घर अच्छं आहे खाला, तुमची लेक सुखात राहीन. जनकाबाईला अर्धी लढाई जिंकल्यासारखं झालं.

आबा म्हणाले, पावती कोणाच्या नावची भेटते तेवढं इचार. यात त्यांचा अनुभव होता. तणनाशक मारलं तरी न मरणारी कपाशी म्हणून चोर बीटीचं बियाणं गावात येत होतं, साध्या थैलीत, ना नाव ना बिल. स्वस्त पडतं, निंदणाची मजुरी वाचते, म्हणून निम्म्या गावानं पेरलं. अळीनं बोंडं पोखरली तेव्हा पंचनाम्याला आलेल्यांनी पहिला प्रश्न विचारला, बिल कुठं? ज्याच्याकडं थैली आणि बिल होतं त्याची तक्रार तरी लिहून घेतली. बाकीच्यांनी उभी कपाशी उपटली आणि गप्प बसले. आबांचं म्हणणं, ज्या थैलीवर नाव नाही तिची तक्रार कोणाजवळ करशीन? महामायाच्या मनातही तेच होतं. त्या खोलीचा कागदच होणार नव्हता, रोख द्यायचे आणि राहायचं. तिनं ठरवलं, कागद मागायचा, आणि आपल्या नावाचा.

फोन लावला. घरमालक मोठ्या आनंदानं बोलले. वा, मराठी मुलगी, तीही कॉम्प्युटरवाली, आमच्या मुलांनाही बरं होईल. कागदाचंही पाहू म्हणाले, हल्ली कडक झालंय, बरं झालं तुम्हीच म्हणालात. मग विचारलं, नाव काय लिहू?

सवय अशी वाईट, की "माया" तिच्या ओठांवर येऊन उभी राहिली. करार महिन्यावर आलेला, दुसरी खोली हातात नाही, समीना सोबतीला आहे. एवढा एक शब्द गिळला की झालं. तिनं सांगितलं, महामाया सहदेव अवसरमोल. अवसरमोल, अच्छा, बुलढाण्याकडचे म्हणजे... असं त्यांनी वाक्य अधांतरी सोडलं. तिनं ते पूर्ण केलं.

"म्हणजे बौद्ध."

छे छे, आम्ही काही मानत नाही हो, ते म्हणाले. फक्त सासूबाई असतात ना घरात, आणि रोजची पूजा, तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. कळवतो. त्यांनी कळवलं नाही, आणि कळवणार नाहीत हे तिला फोन ठेवायच्या आधीच कळलं होतं. इतक्या लांब जाऊन, समुद्र ओलांडून, हा माणूस बरोबर काय घेऊन गेला तर हे! तिथल्या सरकारनं कर लावला नव्हता, पण आपल्या माणसानं आपला लावलाच. महामायाचे कान तापले होते. तिनं तोंडावर पाणी मारलं आणि समीनाला फोन करून सगळं सांगितलं.

समीना आधी त्या माणसाला चार शिव्या देऊन मोकळी झाली, उर्दूत, कारण त्यात दम जास्त असतो. मग म्हणाली, "तुले तं आडनाव तरी इचारतात बे. माह्यं पहिलं नावच पुरते." आणि दोघी हसल्या. पुण्यात समीनाही खोली शोधून आली होती, त्याच सुमारास, त्याच गल्ल्यांतून.

घरात मात्र त्या संध्याकाळी कोणी हसलं नाही. जनकाबाईचा संयम सुटला. हातचं चांगलं घर घालवलंस, म्हणाली. नुसतं सहदेव सांगितलं असतं तं तुहं काय झिजलं असतं? बापाचंच नाव आहे ना ते, चोरीचं थोडंच आहे? लोक पोटासाठी काय काय करतात, तुले एक शब्द झाकवत नाही? असं बरंच बोलली, आणि तिच्या बाजूनं ते चुकीचंही नव्हतं. तिला पोरगी अंधारात, छत्रीखाली, मान खाजवत बसलेली दिसत होती. महामायानं सगळं ऐकून घेतलं.

"माय, एक शब्द मी झाकला," ती म्हणाली, "तं आबाचे दोन शब्द बंद झाले. आता नाही झाकत. उपाशी राहीन, पण नाही."

आबा दारात होते. ऐकलं त्यांनी. चप्पल घालून आले होते ती न काढताच परत बाहेर गेले, आणि जनकाबाईच्या तव्यावरची भाकर करपली. तिला यातलं अर्धं माहीत होतं, पोरीच्या मनात ते इतकं खोल गेलंय हे माहीत नव्हतं. जेवताना तिनं पोरीच्या ताटात न विचारता तूप वाढलं आणि म्हणाली, ते दुसरं गाव कोणतं म्हणत होतीस, थंडीचं?

दुसरं गाव तिबिलिसी. तिथं एकट्यानं काम करणाऱ्याला नाव नोंदवलं की कर अगदी हलका, भाडं दुबईच्या त्या खोलीपेक्षा जास्त पण झेपण्यासारखं. ओळखीचं कोणी नाही, भाषा येत नाही, अक्षरंसुद्धा जिलेबीच्या कढईतून काढल्यासारखी. कंपनीतल्या तिथं राहणाऱ्या मुलानं एका म्हाताऱ्या विधवा बाईचा पत्ता दिला. नातेला तिचं नाव. आयुष्यभर शाळेत शिकवलेलं, आता खाली स्वतः राहायची आणि वरची खोली भाड्यानं द्यायची. इंग्रजी मोडकंतोडकं. तिनं निरोप दिला, कागद करीन, नोंदवून देईन, पण एक अट आहे. घर देण्याआधी मी माणसं पाहते. आईवडिलांना घेऊन समोर बस.

माणसं पाहते! हे वाक्य महामायाच्या ओळखीचं होतं. पण तिनं आबांना सांगितलं, उद्या दुपारी कुठं जाऊ नका. आबा म्हणाले, माह्यं काय काम तिथं, तू अन तुही माय बसा. ती ऐकेना. लाइट दुपारची असते, म्हणून दुपार ठरली. आबांना खुर्चीवर बसवलं, धुतलेला सदरा घालून. जनकाबाई पदर सावरून शेजारी. आबांनी दोन्ही हात मांडीखाली धरून ठेवले होते आणि ओठ इतके घट्ट मिटले होते, की दात दुखत असावेत असं वाटावं.

नातेलाबाई पडद्यावर आल्या. पांढरे केस, अंगात लोकरीचं काहीतरी. आधी फोन हातात धरून खोली दाखवली. खाट, खिडकी, खिडकीतून डोंगर, नळ सोडून पाणी. जनकाबाईनं नळाला मान डोलावली. मग बाई खुर्चीवर बसल्या, कागद पुढं ओढला आणि नाव विचारलं. महामायानं तिन्ही शब्द सांगितले. बाईंनी ते तुकड्यातुकड्यानं पुन्हा म्हणवून घेतले आणि आपल्या गोल अक्षरांत लिहिले. अवसरमोलपाशी थांबल्या. बाईंनी विचारलं, यात एकच स आहे की दोन? एकच, ती म्हणाली. बाईंनी लिहिलं आणि कागद वर धरून दाखवला. तिचं पुरं नाव पहिल्यांदाच कोणी घराच्या कागदावर लिहिलं होतं, आणि तिला ते वाचता येत नव्हतं. डोळे भरून आले ते तिनं खोकल्याच्या निमित्तानं पुसले.

मग बाईंनी आबांकडं बोट केलं आणि विचारलं, "मामा?"

जनकाबाई दचकली. मामा नाही, बाप आहे म्हणावं तिले. विचारता विचारता उलगडलं, की त्यांच्या भाषेत बापालाच मामा म्हणतात. जनकाबाईला ते भलतंच गमतीचं वाटलं. मग मामाले काय म्हणतात, असं विचार म्हणून तिनं पोरीला कोपर मारलं. बाईही हसल्या. आणि हसता हसताच छातीवर हात ठेवून आबांना म्हणाल्या, "गामर्जोबा."

आबांनी हात काढले, जोडले. तोंड उघडलं नाही. पोरीकडं पाहिलं.

तेच ते पाहणं. मेहकरच्या स्टँडवरचं. महामायानं बाईंना विचारलं, तुम्ही आत्ता म्हणालात त्याचा अर्थ काय? नमस्कारासारखं, बाई म्हणाल्या, आम्ही कोणीही भेटलं की म्हणतो. पण शब्दाचा अर्थ काय? बाईंनी डोळे वर करून इंग्रजी शब्द शोधला. सापडला तेव्हा मूठ वळून वर उचलून दाखवली. विजय, म्हणाल्या. तुमचा विजय असो.

महामाया आबांकडं वळली. "आबा, ह्या बाईच्या देशात भेटल्यावर 'जय' म्हणतात. तिनं तुमाले जय म्हटला. पुढचं तुमी म्हणा."

आबांनी मान हलवली. कागदाकडं नजर गेली त्यांची, पडद्यावरच्या. बाईंच्या हातात तो अजून तसाच होता, सही व्हायची होती. "नको बाई," ते हळू म्हणाले. "हातचं घर जाईन."

"गेलं तं जाऊ द्या. दुसरं पाहू."

आबांनी घसा साफ केला. पहिल्यांदा म्हणाले ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असेल. मग खुर्चीवर पुढं सरकले, पाठ ताठ केली आणि धुऱ्यावरून पलीकडच्या शेतातल्या माणसाला म्हणतात त्या आवाजात म्हणाले, "जय भीम, ताई."

म्हणताना त्यांनी पोरीकडं पाहिलं नाही. जनकाबाईनं पदर तोंडाला लावला.

नातेलाबाईंनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. जय कळला त्यांना. मग कागद खाली ठेवला, चष्मा वर सारला आणि विचारलं, "भीम? हा कोण?"

आजवर हा प्रश्न महामायाला कोणी विचारला नव्हता. ज्यांनी ज्यांनी तो शब्द ऐकला होता त्यांना सगळ्यांना आधीच माहीत होतं, आणि तेवढ्यावर ते उठून आत गेले होते.

"गोष्ट मोठी आहे," ती म्हणाली. "वेळ आहे का तुम्हाला?"

बाई म्हणाल्या, सगळी दुपार आहे. आबांनी खुर्ची पोरीजवळ ओढून घेतली, आणि महामायानं भीमाच्या जन्मापासून, महूपासून सांगायला सुरुवात केली.